पाचची तार

दुकानदारानं विचारलं, "पाचची देऊ का पंधराची?" मी म्हणाले, "पंधराची." मला वाटलं, तो किंमत सांगतोय. पाचची म्हणजे हलकी, पंधराची म्हणजे भारी, आणि घरात रोज लागणारी वस्तू भारीतली घ्यावी, एवढं मला माहेरी शिकवलेलं होतं. त्यानं मागितलेले पैसे पंधराशी कुठंच जुळत नव्हते, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. फ्यूजची तार गुंडाळलेलं पुठ्ठ्याचं कार्ड पिशवीत टाकलं आणि चिंचवडहून चालत पिंपरीला आले.

ही एकोणीसशे पन्नासच्या पुढच्या वर्षांतली गोष्ट. लग्न होऊन मी पिंपरीला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. नवा कारखाना सुरू झाला होता, नवरा तिथं पाळीत कामाला होता. कारखान्याच्या भिंतीपलीकडं ज्वारीची रानं होती. आता तिथं काय आहे ते मी सांगत बसत नाही, ज्याला बघायचं त्यानं जाऊन बघावं.

एका शेतकऱ्यानं आपल्या रानाच्या कडेला चार खोल्यांची ओळ बांधली होती, कारखान्यातल्या माणसांना भाड्यानं द्यायला. वर पत्रा, पुढं सगळ्यांना मिळून एक लांब ओटा. ओट्याच्या एका टोकाला भिंतीवर लाकडी फळी होती, तिच्यावर मीटर आणि फ्यूज. चारही खोल्यांना मिळून एकच फ्यूज. आमची खोली पहिली, फळीला लागून. फळीवरून निघालेली तार आमच्या भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून पुढं दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या खोलीत जायची. म्हणजे सगळ्या ओळीची वीज आमच्या भिंतीवरून जायची. ही साधी गोष्ट रोज डोळ्यांपुढं होती आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती.

विजेचे पैसे भाड्यातच धरलेले होते. म्हणून मालकाची सक्त ताकीद होती की दिवा लावा, रेडिओ असेल तर तो लावा, पण विजेची शेगडी लावायची नाही. इस्त्रीसाठी मी त्याची वेगळी परवानगी काढली होती आणि बदल्यात त्याचे सदरे करून द्यायचं कबूल केलं होतं.

इस्त्री नवऱ्यानं आणली होती. कारखान्यातला एक कारकून गाव सोडून चालला होता, त्याची जुनी. काळ्या मुठीची आणि जड, पण बूड आरशासारखं. त्याआधी मी कोळशाच्या इस्त्रीवर काम करत होते. कारखान्यातून खाकी कपडे मिळत, ते धुऊन-इस्त्री करून घालणं ज्याचं त्यानं बघायचं. एकट्या राहणाऱ्या पुरुषांना ते जमत नसे, म्हणून ते माझ्याकडं आणून देत. कोळशाच्या इस्त्रीतून एकदा ठिणगी उडाली आणि एकाच्या पॅंटीला मागच्या बाजूला भोक पडलं. तो पॅंट घालून आठवडाभर भिंतीला पाठ लावून उभा राहायचा म्हणे. विजेच्या इस्त्रीत असली भानगड नव्हती.

आता सासूबद्दल सांगते. ती चाकणच्या पलीकडं गावी असायची. कांद्या-बटाट्याचं रान होतं आणि राबणारी माणसं कमी होती. त्या काळी कारखान्यात लागलेली बरीच माणसं बायकोला गावीच ठेवत आणि चौघं-पाचजण मिळून एक खोली करून राहत. माझ्या सासूचंही तेच म्हणणं होतं. ती आम्हांला बघायला आली, माझं काम बघितलं, ओट्यावर खाकी कपड्यांचे दोन ढीग बघितले आणि म्हणाली, "इस्त्री चालती हाय तवर ऱ्हा हितं. ती बंद पडली की गठुडं बांध. रिकामं बसून खायाला मानूस लागत न्हाई मला."

 नवरा आईसमोर कधीच बोलत नसे. वाईट नव्हता, मऊ होता.

मला गावी जायचं नव्हतं. नवऱ्यावाचून जीव जात होता असं काही नाही. पण पिंपरीत माझी स्वतःची खोली होती. ऊठ म्हणणारं, बस म्हणणारं कुणी नव्हतं. आणि मला इस्त्रीचं काम आवडायचं. चुरगळलेलं कापड सपाट होत पुढं सरकतं, ते बघायला मला आजही आवडतं. तेव्हा माझं सगळं त्या इस्त्रीवर होतं, हे सरळ आहे.

आणि तीच इस्त्री फ्यूज उडवायला लागली.

दुपारी काही व्हायचं नाही. रात्रपाळीवाल्यांचे कपडे मी दुपारी करायचे, तेव्हा इस्त्री मुकाट चालायची. पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळपाळीचे कपडे संध्याकाळी करायला घेतले की थोड्या वेळात फट् आवाज व्हायचा आणि सगळ्या ओळीत अंधार. मग चारही दारांतून माणसं बाहेर. नवरा फळीपाशी जायचा. फ्यूज म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची पकड, मुठीत मावणारी. ती ओढून काढायची, तिच्या दोन स्क्रूंमध्ये बारीक तार ताणून बसवायची आणि पुन्हा खोबणीत दाबायची. दिवे लागायचे. पुन्हा इस्त्री लावली की कधी टिकायची, कधी पुन्हा फट्.

सगळ्यांत मोठा आवाज चौथ्या खोलीतल्या भाऊंचा. हे मराठवाड्याकडचे, कारखान्यात मशीनवर होते, आणि मशीनवर असल्यामुळं विजेतलं आपल्यालाच कळतं असं त्यांचं मत होतं. स्वभावानं मोकळे. कुणाचंही काम अडलं की हातात पक्कड घेऊन हजर, बोलावलं नसलं तरी.

"वैनी," ते म्हणाले, "तुमची इस्त्री म्हंजे राक्षसीण हाय. चार घरची ईज एकटी पिऊन टाकती."

"मग दुपारी कशी पीत नाही?" मी विचारलं.

"दुपारी पोट भरलेलं असतं तिचं," ते म्हणाले आणि सगळे हसले. मग नवऱ्याकडं वळून म्हणाले, "राव, ही तार बघा. लेकराच्या करगोट्यावानी. ही काय टिकनार? भारीतली आना. एकदा घातली की उडायचं नाव नको."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मजबूत ते चांगलं, यात चुकीचं काय असणार? म्हणून मी चिंचवडला गेले आणि दुकानदारानं विचारल्यावर पंधराची म्हणाले.

भारीतली तार बसली आणि खरंच फ्यूज उडायचा थांबला. भाऊ ओट्यावर बसून दोन दिवस मिशीला पीळ देत होते. मी संध्याकाळी निवांत इस्त्री करायचे. सासू गावाहून कांदे घेऊन आली होती, तिलाही कौतुक वाटलं. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "काय जळतंय गं?"

मी इस्त्री उचलून कापड बघितलं. कापड ठीक होतं. सासूचं लुगडं भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेलं होतं आणि त्याच्या वरच्या लाकडी पट्टीतून धूर येत होता. रबर जळाल्याचा घाण वास सुटला होता. नवरा धावत फळीकडं गेला आणि त्यानं पकड ओढून काढली. पट्टी एका जागी काळी पडली होती. लुगड्यावर पिवळा डाग आला, तो शेवटपर्यंत गेला नाही आणि सासू तो शेवटपर्यंत दाखवत राहिली.

मालक आला. पट्टी बघितली, माझ्याकडं बघितलं. "लाकूड पेटलं असतं तर चार घरं गेली असती," तो म्हणाला. "इस्त्री बंद. माझे सदरे मी नेसूच्या धोतरासारखे चुरगळलेले घालीन, पण इस्त्री बंद."  जळालेला तुकडा भाऊंनीच दुसऱ्या दिवशी बदलला आणि फ्यूजमध्ये पुन्हा तीच पंधराची तार घातली, कारण ती उडत नव्हती. सगळे त्यांचे आभार मानत होते.

सासूनं माझ्याकडं बघितलं नाही. कांद्याचं रिकामं पोतं झटकून घडी घातलं आणि म्हणाली, "परवा एस्टीनं जाऊ. तुजी दोन पातळं घे, जास्त नगं."

"आणि इस्त्री?"

"इकून टाक. घरात ठेवून पूजा करायची हाय का तिची?"

दुसऱ्या दिवशी इस्त्री पिशवीत घालून मी पुन्हा चिंचवडच्या दुकानात गेले. सायकलींचं दुकान ते, त्यातच विजेचं सामान. दुकानदार म्हातारा आणि तुसडा. गिऱ्हाइकाशी असा बोलायचा जणू आम्ही त्याची झोप मोडायला गेलोय. त्यानं इस्त्री हातात घेऊन उलटीसुलटी केली, लावून बघितली, बुडावर थुंकीचं बोट टेकवलं. चर्र झालं.

"चांगली आहे. विकता कशाला?"

मी सगळं सांगितलं. फ्यूज, पंधराची तार, पट्टी, धूर.

"पंधराची कुणी सांगितली?"

"भारीतली हवी होती."

"भारीतली?" त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बाई, तार म्हणजे काय लुगडं आहे? पाच आणि पंधरा ही किंमत नाही. किती वीज गेली की तार वितळेल, त्याचा आकडा आहे तो. पंधराची तार पंधरापर्यंत हूं का चूं करत नाही. तोवर तुमच्या भिंतीतली तार भाजून निघते. भिंतीच्या आधी फ्यूजनं जळायचं, यासाठीच त्याला तिथं बसवलाय. तुम्ही जळणाऱ्याला न जळणारा केलात, मग भिंत जळाली."

 मला आठवत होती माझ्या वडलांची बैलाची जुपणी. पण ते पुढं सांगते.

"मग कुठली तार घालायची हे कसं कळायचं?" मी विचारलं.

त्यानं इस्त्रीच्या मुठीखालची पितळी पट्टी दाखवली. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. इंग्रजी आकडे मला नवऱ्याच्या पाळीच्या पाटीमुळं वाचता येत. एका जागी सातशे पन्नास होतं, एका जागी दोनशे तीस.

"मोठ्याला लहान्यानं भागा," तो म्हणाला. "येतं का?"

माझं शिक्षण चौथी. माहेरी, माणच्या शाळेत. पण भागाकारात मला कुणी हरवलं नव्हतं. त्याच्या फळकुटावर धूळ साचलेली होती, तिच्यावरच बोटानं मांडलं. तीन आले आणि थोडे उरले.

"तीन आणि वर काहीतरी."

"मग तुमच्या इस्त्रीला किती लागते? तीन आणि वर काहीतरी. घरातले दिवे धरा, तरी पाच होत नाहीत. कुठली तार घालायची?"

"पाचची."

"झालं. यात काय मोठं आहे?"

"पण आधी पाचचीच होती की," मी म्हणाले. "तीच तर उडत होती."

त्यानं इस्त्री माझ्याकडं सरकवली. "ते मला कशाला विचारता? इस्त्री तीन खाते. बाकीचं कोण खातंय ते तुमचं तुम्ही बघा."

मी इस्त्री विकली नाही. पाचच्या तारेचं कार्ड घेतलं आणि निघाले. रेल्वेच्या रुळांच्या कडेनं येताना डोक्यात एकच चाललं होतं. बाकीचं कोण खातंय?

संध्याकाळ झाली. इस्त्री पिशवीत, पिशवी खुंटीला. दिवे लागले. मी उगाच त्या लाकडी पट्टीवर हात ठेवला.

पट्टी कोमट होती.

मी हात काढला, पुन्हा ठेवला. इस्त्री बंद होती आणि भिंत गरम होत होती. मग माझ्या डोक्यात सगळं एकदम जागच्या जागी बसलं, आणि ते बसलं भांड्यांवरून. आमची भांडी घासायची जागा एकच होती, ओळीच्या मागं. चौथ्या खोलीतली बाई, म्हणजे भाऊंची बायको, माझ्या शेजारी बसायची आणि तिचं नेहमी माझ्या आधी आटपायचं. मला वाटायचं, ही माझ्यापेक्षा कामसू. पण तिच्या भांड्यांच्या बुडांना काजळीच नसायची. आमची भांडी चुलीवरची, राख घेऊन घासता घासता मनगटं दुखायची. तिची बुडं नव्यासारखी. स्टोव्हही नव्हता तिच्याकडं, असता तर त्याचा फर्र आवाज चार घरांत गेला असता. तिच्याकडून कधी धूर आला नव्हता, कधी रॉकेलचा वास आला नव्हता. आणि तिचा चहा मात्र ओळीत सगळ्यांच्या आधी व्हायचा.

दुसरी एखादी असती तर तशीच उठून भांडायला गेली असती. मी गेले नाही. गेले असते तर शेगडी दोन मिनिटांत पलंगाखाली गेली असती आणि मी खोटी पडले असते.

आधी सासूला गाठलं. "आत्याबाई, हितं हात लावा."

तिनं पट्टीवर हात ठेवला. "गरम हाय की गं."

"इस्त्री कुठाय?"

तिनं खुंटीकडं बघितलं. पिशवीकडं बघितलं. पुन्हा हात लावून बघितला. सासू माझी अडाणी होती, मूर्ख नव्हती. "मंग कुनाची हाय ही ऊब?"

"सांगते. आधी मला सांगा, औताला बैल जुपता, तवा त्याच्या गळ्याखालची जुपणी साखळीची का करत न्हाई?"

"खुळी का काय तू? बैल अडखळून पडला तर फास बसून मरंल की. जुपनी तुटाया पायजे."

"म्हणून माझे वडील जुन्या सुताची करायचे."

"समदीच करत्यात. आमी बी करतो."

"मग आपण फ्यूजला साखळी घातलीय, आत्याबाई. पंधराची तार म्हणजे साखळी. ती तुटत न्हाई, म्हणून भिंतीच्या गळ्याला फास बसतोय."

सासूनं बराच वेळ पट्टीवरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "आनि बैल पाडतंय कोन?"

मी तिला भांड्यांची गोष्ट सांगितली, दुकानदार काय काय बोलला तेही सांगितलं. ती ऐकत गेली तसे तिचे डोळे बारीक होत गेले. कांद्याच्या बाजारात अडत्याशी बोलताना तिचे डोळे असे होत, हे मी पुढं बघितलं. "उद्या सुट्टी हाय कारखान्याला," ती म्हणाली. "समदी घरी असतील. एस्टी परवा बी असती."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी नवऱ्याला सांगून मालकाला बोलावलं. सगळी ओळ ओट्यावर जमली. सगळ्यांसमोर मी फळीवरची पकड ओढून काढली, पंधराची तार सोडवून टाकली आणि पाचची बसवली. बायकांनी तोंडाला पदर लावले. बाई फ्यूजला हात लावते हे त्यांनी बघितलं नव्हतं. नवरा "सांभाळून" एवढं म्हणाला.

भाऊंनी मान हलवली. "वैनी, कशाला? लगेच उडंल. करगोटा तो."

"उडू द्या," मी म्हणाले. "उडाला तर उद्याच्या एस्टीत बसते."

फळीजवळचा दिवा लावून ठेवला, म्हणजे फ्यूज गेला की सगळ्यांना दिसावं. ओट्यावर सतरंजी घातली, आमच्या खोलीतून इस्त्रीची वायर बाहेर ओढून घेतली आणि कामाला बसले. तापलेल्या इस्त्रीखाली मालकाचा सदरा आला. मग दुसरा सदरा. मग दोन दिवसांचे तुंबलेले खाकी कपडे एकामागून एक. दिवा जळत होता. पहिल्यांदा लोक दिव्याकडं बघत होते, मग कंटाळून गप्पा मारायला लागले. ढीग अर्धा झाला तरी दिवा जळतच होता.

मालक म्हणाला, "अजून कसा उडंना?"

"आज राक्षसिणीचा उपास दिसतो," भाऊ म्हणाले. पण त्यांचं तोंड जरा उतरलं होतं. मला आजही वाटतं, त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं. शेगडी रोज चालते आणि मुकाट चालते, म्हणजे ती काही करत नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं. भांडण इस्त्रीचं म्हणून दोष इस्त्रीचा.

तेव्हा सासूनं तोंड उघडलं. ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. चौथ्या खोलीतल्या बाईला म्हणाली, "अगं लेकी, मालक आल्यात, समदी बसल्यात, घोटभर च्या तरी पाज. तुजा च्या लवकर हुतो म्हनं. आमच्या चुलीला धूर खाऊन दीस जातो."

ती बाई उठली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. पण सगळ्यांसमोर चहा मागितल्यावर नाही कसं म्हणणार? आणि चूल पेटवायची तर तिच्याकडं चूल नव्हतीच. ती आत गेली, दार लोटून घेतलं. मी एक पॅंट पसरली आणि इस्त्री फिरवत राहिले. इस्त्री मी मुद्दाम गार होऊ दिली नव्हती.

पॅंटीचा एक पाय झाला. दुसरा पाय अर्धा झाला. आणि फट्.

दिवा गेला.

"बघा," भाऊ म्हणाले. "म्हणलं नव्हतं? बघा, गेली." त्यांना एवढा आनंद झाला की ते उठून उभेच राहिले. "करगोटा तो. किती दम धरनार?"

मी इस्त्री उभी ठेवली, पदर खोचला आणि मालकाला म्हणाले, "चला, चहा झाला का बघू."

मी पुढं, सासू मागं, मालक तिच्या मागं. दार लोटलेलं होतं, ते मी ढकललं. आत जमिनीवर पाटावर विजेची शेगडी होती, तिच्यावर पातेलं, पातेल्यात पाणी. वीज गेलेली होती पण शेगडीची वेटोळी अजून लालभडक होती. अंधाऱ्या खोलीत ती अशी दिसत होती जशी काही कुणी मुद्दाम दाखवायला ठेवलीय. बाई बाजूला उभी, हातात साखरेचा डबा.

भाऊ सगळ्यांत शेवटी आले, आत डोकावले आणि तसेच दारात थांबले.

सासू वाकून शेगडीकडं बघत म्हणाली, "ही व्हय ती राक्षसीण? बसलीय बघा कशी, तोंड लाल करून. आनि नाव माज्या सुनंच्या इस्त्रीचं."

मालक हसायला लागला. त्याला राग यायला हवा होता, वीज त्याची जळत होती. पण तो हसायला लागल्यावर बाकीचेही हसले. भाऊ मात्र शेगडीजवळ गेले, खाली बसले, फडक्यानं धरून शेगडी तिरकी केली. तिच्या पत्र्यावरही आकडे होते. हजार. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"भागा दोनशे तीसनं," मी म्हणाले.

त्यांना भागाकार येत नव्हता. मीच सांगितलं, "चारच्या वर. इस्त्रीचे तीन त्यात मिळवा, चार घरचे दिवे मिळवा. पाचच्या तारेनं करायचं काय? ती तुटली, तेच तिचं काम. आणि तुमच्या भारीतल्या तारेनं ते सगळं माझ्या भिंतीवरून नेलं."

भाऊंनी शेगडी परत पाटावर ठेवली. मग म्हणाले, "वैनी, मानलं." त्यांच्या जागी दुसरा असता तर भांडला असता. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. मग लगेच म्हणाले, "पन च्या अर्धा राहिला की. फ्यूज बसवता का?"

"शेगडीचा प्लग काढा, मग बसवते."

फ्यूज मीच बसवला. पाचची तार. उरलेला चहा आमच्या चुलीवर झाला, धुराचा वास असलेला, आणि मालकानं दोन कप घेतला.

त्या बाईला मी कधी दोष दिला नाही. विजेची शेगडी मलाही हवी होती, कुणाला नको असते? मालकानं तिला शेगडी बंद करायला सांगितली, तेव्हा मीच म्हणाले, बंद कशाला? आमच्या भिंतीवरून नको, फळीवरून वेगळी जाड तार चौथ्या खोलीत न्या, तिला वेगळा फ्यूज लावा, आणि तिथं घाला तुमची पंधराची. विजेचे पैसे त्यांच्याकडून जास्तीचे घ्या. जाड तारेला पंधराची, बारीक तारेला पाचची, ज्याची त्याला. मालकाला ते पटलं. भाऊंनी स्वतः चिंचवडहून जाड तार आणली, एका माहीतगार वायरमनकडून ओढून घेतली, आणि त्यांच्या फ्यूजमध्ये ती पंधराची तार मी घातली. तेच ते कार्ड, मी किंमत समजून आणलेलं. वाया गेलं नाही.

तेव्हापासून ओळीत कुणाचाही दिवा गेला की हाक मला यायची. पुढं शेजारच्या ओळींतूनही यायला लागली. मी गेल्यावर पहिल्यांदा विचारायचे, नवीन काय लावलंय? लोक आधी काही नाही म्हणायचे. मग पलंगाखालून काहीतरी निघायचं.

मालकानं इस्त्री पुन्हा चालू केली, हे सांगायला नको. ढीग एवढे वाढले की मी ओट्यावर स्वतःसाठी उंच टेबल करून घेतलं, उभ्यानं काम करायला.

सासू ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा गेली, एकटी. एस्टीच्या थांब्यावर मी तिचं पोतं धरून उभी होते. गाडी दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "कांद्याला मानूस न्हाई ते न्हाईच."

"गावी माझी जाऊ आहे की."

"ती भागाकार करती व्हय?" एवढं बोलून ती गाडीत चढली आणि खिडकीतून पोतं आत ओढून घेतलं. मला न्यायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. इस्त्री पुष्कळ वर्षं चालली. मूठ दोनदा बदलली, वायर कितीदा ते आठवत नाही.

बऱ्याच वर्षांनी सासूच्या गावात वीज आली. घरात एक दिवा आणि विहिरीवर मोटर. मोटरीचा फ्यूज गेला तेव्हा मी नेमकी तिथं होते, म्हणून सासू मला घेऊन चाकणच्या दुकानात आली. दुकानातला पोरगा नवा होता. त्यानं विचारलं, "आजी, तार भारीतली देऊ का हलकी?"

सासू दुकानाच्या फळीवर दोन्ही हात टेकून त्याच्याकडं वाकली.

"तार काय लुगडं हाय व्हय रं?" ती म्हणाली. "आदी ईच्यार, खानारं कोन हाय."